ताईसाठी इटालियन

दवाखान्याच्या पाटीवर उंद्रूच्या नावापुढे दोन ओळी भरून पदव्या आहेत. ओळखीचे लोक त्याला रस्त्यात गाठतात आणि "डॉक्टर, ही मागची दाढ जरा बघता का," म्हणून भर चौकात आ वासतात. घरी बायको आहे, दोन मुलं आहेत, कानाजवळचे केस पांढरे झालेत. पण ताईच्या लेखी तो अजून उंद्रूच. लहानपणी पेन्सिली, वह्यांचे कोपरे, खुर्चीचे हात, जे समोर येईल ते कुरतडायचा, म्हणून तिनंच ठेवलेलं नाव. असा मुलगा मोठेपणी दातांचा डॉक्टर झाला यात नवल ते काय! गोष्ट ताईची आहे, तेव्हा आपणही त्याला उंद्रूच म्हणू.

तर या उंद्रूला आयुष्यात एक गोष्ट काही केल्या जमली नव्हती. ताईचे आभार मानणं.

वडील गेले तेव्हा तो शाळेत होता आणि आईनं अंथरूण धरलं होतं. ताईनं कॉलेजला रामराम ठोकला आणि एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नोकरी धरली. पुढे ते स्कूलच तिनं चालवायला घेतलं. आईचं औषधपाणी, उंद्रूची फी, पुस्तकं, दवाखान्यातली पहिली खुर्ची, हे सगळं तिनं शिकवायच्या गाडीच्या डाव्या सीटवर बसून केलं. हो, डाव्या. त्या गाडीत डावीकडेही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. शिकणारा उजवीकडे स्टिअरिंगला लटकलेला असतो आणि शिकवणारा डावीकडून त्याला आणि रस्त्यावरच्या तमाम लोकांना वाचवत असतो. ताईनं अर्धं शहर असं वाचवलं. आज मोठमोठ्या हुद्द्यांवर बसलेली माणसंसुद्धा फुटपाथवर ताई दिसली की चटकन आरसा नीट करतात.

दंतवैद्यकीच्या पहिल्याच वर्षी उंद्रू सपशेल आपटला होता. "मला नाही शिकायचं, मी कुठेतरी नोकरी बघतो," म्हणून तोंड पाडून बसला. ताईनं त्याला गाडीत घालून एका रिकाम्या मैदानावर नेलं, दोन पिंपं उभी केली आणि मधल्या जागेत गाडी उलटी लावायला सांगितली. पिंप पडलं की ती उतरायची, पिंप उभं करायची आणि परत येऊन बसायची. उंद्रू चिडला, रडला, गाडी सोडून तरातरा चालू लागला, मग मुकाट्यानं परत आला. दिवस मावळायच्या बेताला गाडी दोन पिंपांच्या बरोबर मधे उभी राहिली. "चल, भूक लागली," ताई म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यानं कॉलेजात जाऊन पुन्हा नाव घातलं. त्या संध्याकाळबद्दल दोघांमध्ये आजवर एक अक्षर निघालं नव्हतं.

कारण बोलू देईल ती ताई कसली! "ताई, तू माझ्यासाठी जे केलंस..." एवढं त्याच्या तोंडून बाहेर पडायचा अवकाश, ती उठायची. गॅसवर काहीतरी असायचंच. नसलं तर ती जाऊन ठेवायची. वस्तू देऊन बघावं, तर त्यातही तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घड्याळ दिलं, ते शेजारच्या मुलीला परीक्षेसाठी गेलं. गरम कोट दिला, तो दुकानात परत गेला आणि त्याच्या बदल्यात उंद्रूच्या मुलाला बूट आले. आरामखुर्ची दिली, तीत स्कूलच्या बाहेरच्या खोलीत ताटकळणारी पोरं आराम करायला लागली. आणि गंमत अशी की, धंद्यानं उंद्रू हा समोरच्याला खुर्चीत खिळवून ठेवणारा माणूस. त्याच्या खुर्चीतला माणूस उठून जाऊ शकत नाही, उलट बोलू शकत नाही. पण ताई त्या खुर्चीत कधी बसलीच नाही. तिचे दात ठणठणीत. उंद्रूला कधी कधी वाटायचं, मुद्दामच.

यंदा ताईनं स्कूल बंद केलं. दोन्ही गाड्या दुसऱ्या एका स्कूलला देऊन टाकल्या. स्वतःची अशी गाडी तिच्याकडे कधीच नव्हती. "दिवसभर गाडीतच असते, वर आणखी गाडी कशाला," म्हणून ती बाजारात, बँकेत, सगळीकडे बसनं जायची. बंद झालेल्या ऑफिसातले तक्ते उतरवायला उंद्रू गेला, तेव्हा वाहतुकीच्या खुणांच्या रांगेत लावलेलं ते जुनं चित्र त्याच्या हाती आलं. मासिकातून कापलेलं. एका घाटवळणावर उभी असलेली लहानशी, ठेंगणी इटालियन स्पोर्ट्स कार. नवी पोरं विचारायची, "मॅडम, ही कसली खूण?" ताई सांगायची, "थांबून बघा, ही."

उंद्रू तिथेच एका पेटाऱ्यावर बसला आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं ज्या बाईनं भिंतीवर ही गाडी लावली, तिला हीच गाडी द्यायची. ही तरी ती परत करणार नाही. आणि हीसुद्धा परत केली, तर आपण आभार मानायचा नाद कायमचा सोडायचा. ते त्यानं मनाशी अगदी पक्कं करून टाकलं, आणि मग त्याला भीती वाटायला लागली.

इटालियन घ्यायची म्हणजे काय करायचं, हे त्याला कुठे ठाऊक होतं! त्याला वाटलं, एक गाडी, एक नाव, संपलं. चौकशीअंती कळलं की हिचे प्रकार दातांच्या प्रकारांहून जास्त. सुरुवातीची वेगळी, नंतरची वेगळी, बंद टपाची, उघडी, गोल दिव्यांची, रबरी बंपरची. उंद्रूनं दात बघायचा भिंगाचा चष्मा डोळ्यांवर चढवून ते चित्र तपासलं. टप होतं. मागचे दिवे गोल होते. स्टिअरिंग काही दिसत नव्हतं, छपाईच इतकी पुसट. "पेशंटच्या तोंडातसुद्धा तुम्ही इतका वेळ बघत नाही," बायको म्हणाली.

जुन्या गाड्या दुरुस्त करून विकणारा एक गॅरेजवाला होता. त्याचं गॅरेज एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत. आत शिरलं की आधी भुशाचा वास यायचा आणि मग तेलाचा. माणूस भला होता, पण त्याची एक खोड होती. माणसांना तो सरसकट अरे-तुरे करायचा आणि गाड्यांना अहो-जाहो. उंद्रूला मात्र "डॉक्टर, तुम्ही" म्हणायचा, कारण त्याची एक दाढ दुखत होती.

"या बघा," एका करड्या गाडीवरचं कापड हळूच काढत तो म्हणाला, "या सुरुवातीच्या. टप बंद, दिवे गोल, स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. स्वभावानं शांत आहेत. फक्त सकाळी दुसऱ्या गिअरची घाई केलेली यांना खपत नाही. अंग गरम होऊ द्यायचं, मग मागायचं."

शेजारी पांढरी होती. नंतरच्या काळातली. जाड काळे रबरी बंपर, ऐसपैस सीट, बटणावर खाली होणाऱ्या काचा.

"हीच घ्या," बायको म्हणाली. तिनं बसूनसुद्धा बघितलं. "वन्संची कंबर धरते. त्या करडीत बसायचं म्हणजे जमिनीवर फतकल मारायची."

"ओठ सुजल्यासारखी दिसते," उंद्रू म्हणाला. त्याला त्याच्या धंद्यातलंच सुचायचं. "आणि चित्रात ही नाही."

तिसरी कोपऱ्यात उभी होती. लाल, उघडी, टप नाहीच. उंद्रू तिच्याकडे वळला तसा गॅरेजवाल्यानं हात आडवा केला. "यांचा विचारच करू नका. या थेट तिकडून आलेल्या. स्टिअरिंग डावीकडे. आपल्याकडे पुढच्या ट्रकला ओलांडायचं म्हणजे शेजारी बसलेल्याला विचारावं लागतं, समोरून काही येतंय का म्हणून. मी यांना कुणालाच देत नाही. नुसत्या डोळ्यांना बऱ्या वाटतात म्हणून ठेवल्यात."

उंद्रूनं लालवर तिथल्या तिथे फुली मारली. उलट्या बाजूची गाडी, तीही ताईला, जिनं आख्ख्या शहराला सरळ बाजू शिकवली! पण करडी की पांढरी याचा निकाल लागेना. रात्री बायको कंबर म्हणायची आणि तो दिवे म्हणायचा. शेवटी बायकोच कंटाळली. "चालवणार कोण? वन्सं. मग त्यांनाच नेऊन बसवा की. सांगा, पेशंटला घ्यायची आहे म्हणून."

उंद्रूला खोटं बोलताना कानाची पाळी ओढायची सवय. ताईला फोनवर सांगितलं म्हणून ते खपून गेलं.

रविवारी सकाळी ताई आली, बसनंच. पायात बंद बूट, केस घट्ट बांधलेले, शिकवायला निघायची तशी. वखारीत शिरल्या शिरल्या ती थबकली आणि तिन्ही गाड्यांकडे बघत राहिली. उंद्रूच्या काळजात गुदगुल्या झाल्या.

"पेशंट कुठेय?" तिनं विचारलं.

"त्याची दाढ काढलीय. बोलता येत नाही," उंद्रू कान ओढत म्हणाला.

पांढरी तिनं दारातूनच नापास केली. बटण दाबून काच खाली केली, वर केली, आणि "याला गाडी म्हणत नाहीत, याला दिवाणखाना म्हणतात," म्हणून दार लावून टाकलं. करडीत मात्र बसली. सीट पुढे घेतली, आरसा लावला, एकदा मागे वळून पाहिलं आणि गाडी वखारीतून अलगद बाहेर काढली. उंद्रू डावीकडे बसला होता, जीव मुठीत धरून नव्हे, पण तिच्या चेहऱ्यावर नजर खिळवून.

ताईनं गाडी अशी चालवली की परीक्षकानं कागद बाजूला ठेवावा. एक चूक नाही. पण चेहऱ्यावर काहीच नाही. उलट तिचं लक्ष सारखं उंद्रूच्या पायांकडे.

"सायकलवाला दिसला नाही का तुला?" ती एकदम डाफरली.

"मला? गाडी तू चालवतेयस!"

"हो, पण तिथे बसलायस ना. त्या सीटवर बसून झोपा काय काढायच्या?" मग तिचं तिलाच समजलं आणि तिनं नजर रस्त्यावर आणली.

वखारीत परत आल्यावर तिनं करडीचं दार नीट लावलं. "गाडी उत्तम आहे," ती म्हणाली. "सांग तुझ्या पेशंटला." ज्या आवाजात ती पोरांना 'होशील पास' म्हणायची, तोच आवाज. उंद्रूचा चेहरा पडला. ही गाडी आपण दिली तर काय होईल ते त्याला लख्ख दिसलं. ताई म्हणेल, छान आहे हो. आणि महिन्याच्या आत ती कुणाच्यातरी लग्न ठरलेल्या भाच्याला देऊन टाकेल.

लाल गाडी करडीच्या जागेत आडवी येत होती. गॅरेजवाला किल्ली घेऊन आला. "जरा यांना बाहेर काढतो. यांनाही आठवड्यातून एकदा हवा लागते. बाई, बसतेस का? कोपऱ्यापर्यंत फिरवून आणतो."

"बसते की," ताई म्हणाली. आणि दुसऱ्या कुणी चालवायची म्हटल्यावर ती आयुष्यभर जिकडे गेली तिकडे गेली. डाव्या दाराला. दार उघडलं, आत बसली, पट्टा लावला, आणि हात मांडीवर ठेवायला गेली ते लाकडी स्टिअरिंगवर आपटले.

गॅरेजवाला किल्ली हातात धरून तिच्या दाराशी उभा. आपल्याच गाडीत कुठून शिरावं हे त्याला सुचेना. "बाई, ही... ही चालवायची बाजू आहे," तो चाचरत म्हणाला.

ताईनं स्टिअरिंगकडे पाहिलं. मग वाकून खाली पाहिलं. पायांनी चाचपलं. क्लच होता, ब्रेक होता, जिथे असायला हवेत तिथेच. तिचा उजवा पाय आणखी थोडा उजवीकडे सरकला आणि थांबला.

"अगं बाई," ती म्हणाली, "इथे ॲक्सिलरेटरपण आहे!"

आणि ती हसायला लागली. उंद्रूनं ताईला हसताना पाहिलं होतं, पण असं नाही. खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. "इतकी वर्षं मला या बाजूला कुणी ॲक्सिलरेटर दिला नाही रे! नुसतं थांबवायचंच काम!"

उंद्रू हसला नाही. खरंच की. त्या सीटवरून तिला फक्त थांबवता येत होतं. पुढे नेणारा पाय कायम दुसऱ्याचा.

"किल्ली द्या," ताई म्हणाली.

"बाई, यांना चालवणं सोपं नाही. ओलांडताना समोरचं दिसत नाही इथून..."

"मला आजवर जे काही दिसलंय ते इथूनच दिसलंय," ताई म्हणाली. "किल्ली द्या."

गॅरेजवाल्यानं निमूट किल्ली दिली. उंद्रू पळत जाऊन उजवीकडे बसला. तिथे स्टिअरिंग नव्हतं, काहीच नव्हतं. शिकणाऱ्याची जागा, पण हात ठेवायला आधार नाही. त्यानं ते गुडघ्यांवर ठेवले.

गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली. दुसरा गिअर आधी कुरकुरला. ताईनं क्लच सोडून पुन्हा दाबला, इंजिनाला हलकंसं गुरगुरू दिलं आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला. उजव्या हातानं. पोरांच्या हातावर हात ठेवून हजारदा गिअर टाकून दिला तो तिचा हाच हात. फुटपाथची कडा, गटारं, सायकली, पळत येणारी कुत्री, हे सगळं तिच्याच बाजूला होतं आणि तिला पाठ होतं. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. शहराबाहेर एका ट्रकच्या मागे लागल्यावर उंद्रू मान उंच करून म्हणाला, "बघू का मी, काही येतंय का?"

"तू स्वस्थ बस. पुढे रस्ता डावीकडे वळतो, तिथे मला आतल्या बाजूनं सगळं दिसेल." वळण आलं, तिनं वाकून ट्रकच्या कडेनं लांबवर पाहिलं, रस्ता सरळ होईपर्यंत थांबली, आणि मग पाय दाबला. उंद्रूची पाठ सीटला चिकटली. ट्रक मागे पडला. ताई मोठ्यानं काहीतरी ओरडली. वाऱ्यात ते कळलं नाही, पण ते वाक्य नव्हतंच, नुसता आनंद होता.

परत वखारीत आल्यावर तिनं इंजिन बंद केलं आणि थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग उतरली. किल्ली उंद्रूच्या हातात दिली, पण दुसरा हात दारावरच राहिला.

"तुझ्या पेशंटला सांग, ही घेऊ नकोस. त्याला नाही झेपायची," ती म्हणाली. "करडी घे म्हणावं."

"पेशंट नाहीये, ताई," उंद्रू म्हणाला. "तुझ्यासाठी घेतोय."

दारावरचा हात उचलला गेला. ताईच्या चेहऱ्यावरचं ऊन क्षणात गेलं. उंद्रूला हे चांगलं ओळखीचं होतं. घड्याळाच्या वेळी असंच, कोटाच्या वेळी असंच.

"फसवून आणलंस मला?"

"हो."

"नको मला."

"ताई, तुझ्या भिंतीवर इतकी वर्षं चित्र होतं..."

"ते? तिथे भिंतीला ओल यायची. डाग झाकायला काहीतरी हवं होतं." ताईनं पर्स उचलली. "गाडी सुंदर होती म्हणून ती लावली. मांजराचं मिळालं असतं तर मांजर लावलं असतं."

झालं! भिंगाचा चष्मा, गोल दिवे, सगळं मुसळ केरात. ताई वखारीच्या दाराकडे निघाली. तिथून बसथांबा दिसत होता. जाता जाता ती वळली. "माझे पांग फेडतोयस का रे? दुकान उघडून बसले होते का मी?"

आणि मग उंद्रू चिडला. वयानं कितीही वाढला तरी ताईवर चिडायची त्याची छाती कधी झाली नव्हती.

"फेडायचंय कुणाला!" तो ओरडला. गॅरेजवाला "मी जरा आत..." म्हणत पांढरीच्या मागे सरकला. "फिटणार आहे का ते? मला फक्त बोलायचंय! इतकी वर्षं मला तुला एक गोष्ट सांगायचीय आणि तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. मी तोंड उघडलं की तू उठतेस. गॅस पेटवतेस. भांडी घासतेस. घासलेली घासतेस! लोक माझ्या खुर्चीत तास तास बसतात गं, आणि माझी सख्खी बहीण माझ्यासमोर पाच मिनिटं टिकत नाही. मला काय गाड्यांतलं कळतंय! मला एवढंच कळलं की गाडी चालवताना तुला उठून जाता येणार नाही."

ताई दारात उभी होती. मागे रस्त्यावरून बस आली, थांबली आणि गेली. तिनं बसकडे पाहिलंही नाही.

"किती वेळ बोलायचंय?" तिनं विचारलं.

"काय माहीत! कधी बोललोय का?"

ताई परत आली. पर्स सीटच्या मागे टाकली आणि डावीकडून आत बसली. "घरापर्यंत," ती म्हणाली. "तुझ्या. गाडीचं काय ते मग बघू. पट्टा लाव."

उंद्रूनं पांढरीच्या मागे नजर टाकली. गॅरेजवाल्यानं आधी लालकडे, मग ताईकडे बोट दाखवलं आणि हातानंच 'जा, त्या यांच्याच' म्हणून खूण केली.

पहिल्या चौकापर्यंत उंद्रूच्या तोंडून शब्द फुटेना. आता ऐकणारी समोर बांधून बसवली होती आणि सुरुवात कुठून करावी ते कळेना. मग त्याला दवाखान्याचं पहिलं वर्ष आठवलं.

"दवाखाना काढला तेव्हा माशा मारत होतो मी," तो म्हणाला. "एक पेशंट नाही. आणि मग अचानक रांग लागली. सगळी तरणी पोरं. एकाचाही दात किडलेला नाही."

ताई समोर बघत राहिली. "असतील. माझा काय संबंध?"

"माझ्याकडून दात तपासून आणल्याशिवाय तू कुणालाही परीक्षेची तारीख घेऊ देत नव्हतीस."

गाडीनं किंचित झोल खाल्ला. दिवसभरातला पहिलाच. "कुणी सांगितलं तुला?"

"सगळ्यांनीच! मी तोंडातून हात काढला की पहिलं वाक्य तेच. 'मॅडमना सांगा, दात चांगले आहेत, आता तारीख द्या.' ताई, मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी तुला सांगितलं नाही. मला वाटलं, सांगितलं तर तू थांबवशील, आणि मला ते पेशंट हवे होते. मी घरी येऊन तुझ्यासमोर बढाया मारायचो, आज किती गर्दी होती म्हणून, आणि तू मान डोलवायचीस. मी खोलीत जाऊन रडायचो. लाजेनं नाही. तू होतीस म्हणून." त्यानं श्वास घेतला. "तू होतीस म्हणून मी आहे. एवढंच आहे बघ. एवढंच मला म्हणायचं होतं."

ताईला उठता येत नव्हतं. तिनं एका हातानं डोळे पुसले आणि टप नसलेल्या गाड्यांमध्ये फार वारा लागतो, अशी तक्रार केली. उंद्रू हो म्हणाला. मग त्याला आणखी आठवलं, आणि आणखी. मैदानावरची पिंपं, आईचं शेवटचं दुखणं, लग्नाच्या आदल्या दिवशी तो घाबरून खोलीत दडून बसला तेव्हा तिनं त्याला खिडकीतून ओढून बाहेर काढलं ते, मुलगी झाली त्या दिवशी इस्पितळाच्या पायऱ्यांवर ती उभी होती ते. बांध फुटावा तसा तो बोलत सुटला, क्रम नाही, काही नाही, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तो न चुकता आभार मानत होता. ताई मधूनच "हं" करायची. एकदा म्हणाली, "खिडकी नव्हती, मागचं दार होतं." म्हणजे ती ऐकत होती, आणि तिलाही सगळं आठवत होतं.

उंद्रूची गल्ली आली. फाटकाशी बायको उभी होती. लाल गाडी आणि तिच्या उलट्या बाजूला बसलेल्या वन्सं पाहून तिनं कपाळावर हात मारला, आणि मग दोन्ही हात हलवायला लागली. ताईनंही हात हलवला. गाडीचा वेग मात्र कमी झाला नाही. फाटक आलं आणि मागे गेलं.

"ताई, घर," उंद्रू म्हणाला.

"दिसलं मला," ताई म्हणाली. तिनं हळूच वरचा गिअर टाकला. "ही गाडी आता माझीय ना? मग कधी थांबवायची ते मी बघेन. पिंपांचं तू फार घाईत सांगितलंस. ते पहिल्यापासून सांग."